आतली उचकी

प्राण्यांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंची एक सवय होती. जनावराबरोबर जे मूल येईल त्याच्या कानात त्या आधी आपली छाती तपासायची नळी अडकवायच्या आणि विचारायच्या, काय ऐकू आलं? अट एकच. पुस्तकातला शब्द चालणार नाही, स्वतःचा हवा. तीस वर्षांत त्यांना काय काय उत्तरं मिळाली होती. सशाच्या छातीत शिवणयंत्र, म्हाताऱ्या मांजरीच्या छातीत नीट बंद न केलेला नळ. बरोबरची मोठी माणसं घड्याळाकडे बघत चुळबुळायची. बाई तिकडे काणाडोळा करायच्या. मोठ्यांना ऐकायला सवड नसते, म्हणून तर मुलांना विचारायचं, असं त्यांचं म्हणणं.

त्या गुरुवारी सहावीतली एक मुलगी आणि तिचे वडील बॉक्सर जातीचा कुत्रा घेऊन आले. त्याला घरात पैलवान म्हणत. छाती ही एवढी रुंद, पण झुरळ दिसलं की स्वारी सोफ्यामागे. चेंडूमागे धावताना तो आठवड्यात दोनदा धाडकन कोसळला होता आणि मिनिटभरात, जणू काही घडलंच नाही, असा उठून बसला होता. वडील सायकलच्या शर्यतीतले नावाजलेले गडी. मागची तीन वर्षं पहिला नंबर त्यांचाच आणि येत्या रविवारी पुन्हा शर्यत. सरावाला जायचंय, जरा लवकर उरका, असं त्यांनी आल्या आल्याच सांगून टाकलं.

मुलीनं नळी लावली, डोळे मिटले आणि बोटानं टेबलावर ठेका धरला. पाच-सात ठोके झाले आणि बोट अडखळलं.

"याला उचकी लागलीय," ती म्हणाली. "आतली."

"आतली म्हणजे गं?"

"छातीतली. बाबाला लागते, आत्याला लागते. आजोबांना तर बोलता बोलता लागायची म्हणे." बाईंनी भुवया उंचावल्या, तशी ती गोंधळली. "तुमच्याकडे नाही लागत कुणाला?"

बाईंनी हातातला कापूस खाली ठेवला. त्यांनी एकेक गोष्ट खोदून विचारली. आजोबा एकोणपन्नासाव्या वर्षी जिना चढता चढता गेले होते. आत्या नाचाच्या तालमीत दोनदा चक्कर येऊन पडली होती आणि तेव्हापासून घरभर तिला नाजूक राणी म्हणून चिडवत. डॉक्टरांनी कधी विचारलं नाही का? विचारलं होतं की, वडील म्हणाले, छातीत धडधड होते का म्हणून. मग आम्ही नाही म्हणालो. धडधड वेगळी आणि उचकी वेगळी. उचकी काय, सगळ्यांनाच लागते.

तीन पिढ्या त्या घरानं खोटं काही सांगितलं नव्हतं. फक्त विचारणाऱ्याचा शब्द त्यांचा नव्हता.

बाईंनी पैलवानाला कुशीवर निजवून त्याचा ईसीजी काढला. सरळ चाललेल्या रेघेत मधेच एक रुंद, वेडावाकडा ठोका. मग त्या मुलीकडे वळल्या. रस्सीखेच खेळतेस ना? एकानं हाक दिली की सगळ्यांनी मिळून ओढायचं. हृदयाचा स्नायू तसाच, हजारो गडी आणि एक हाक. पैलवानाला झालेल्या या आजारात त्या गड्यांच्या मधे चरबी शिरते. हाक नीट पोचत नाही आणि एखादा गडी हाकेआधीच ओढून मोकळा होतो. ती उचकी. पण कधी सगळेच आपापल्या मनानं ओढू लागले तर दोर जागचा हलत नाही आणि माणूस पडतो. कुत्राही पडतो.

बाईंची नजर आपल्याकडे वळलेली पाहून वडील हसले. "डॉक्टरबाई, पैलवान काही माझा सख्खा नाही. त्याचं दुखणं मला कसं लागेल?"

"लागत नाही हो. त्याचं त्याच्या आईबापांकडून आलं, तुमचं असलंच तर तुमच्या. पण असला आजार माणसांना आणि कुत्र्यांना, दोघांनाही होतो. मी कुत्र्यांची डॉक्टर. माणसाचं निदान मी करणार नाही. फक्त हृदयाच्या डॉक्टरांनी बघेपर्यंत सायकलवर बसू नका."

ते चिडले. मागच्या वर्षी दुसऱ्या नंबरला चार मिनिटं मागे टाकलं होतं, आजारी माणसाचं काम आहे का ते? बाई शांतपणे म्हणाल्या, गेल्या आठवड्यापर्यंत पैलवानही गल्लीत सगळ्यांच्या पुढेच होता.

रविवार तीन दिवसांवर होता आणि हा माणूस ऐकणाऱ्यातला नव्हता, हे बाईंना दिसत होतं. तेवढ्यात मुलीनं कुणाला न विचारता नळी उचलली, वडिलांच्या कानात अडकवली आणि दुसरं टोक त्यांच्याच छातीला लावलं.

"बोटानं ठेका धर, बाबा. चुकला की थांबायचं. लबाडी करायची नाही."

मास्तरांपुढे उभं राहावं तसे ते उभे राहिले. बोट चालू लागलं, अडखळलं, पुन्हा चालू लागलं, पुन्हा अडखळलं. मग तिनं टोक पैलवानाच्या छातीला लावलं. तिथंही बोट तसंच अडखळलं. त्यांनी सावकाश नळी काढली.

"उद्या कुठे जायचं?" त्यांनी विचारलं.

इतक्या वर्षांत इतक्या मुलांना ऐकायला शिकवलं, पण ऐकवायला शिकलेली ही पहिली, असं बाईंच्या मनात आलं. त्यांनी हृदयाच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहायला घेतली. त्यात 'आतली उचकी' हे शब्द जसेच्या तसे लिहिले.

दीड महिन्यानं तिघं पुन्हा आले. पैलवान गोळ्या घेऊन दमानं चालत होता. वडिलांच्या छातीत कातडीखाली एक छोटं यंत्र बसलं होतं. ठोका फारच बिघडला तर तेच झटका देऊन ताळ्यावर आणणार होतं. शर्यत हुकली होती. मुलीच्या हृदयात आज तरी काही नव्हतं, दर वर्षी दाखवायचं होतं. पण वडिलांना सांगायचं होतं ते वेगळंच. त्यांनी झाडून सगळ्या चुलतभावांना, आतेबहिणींना फोन केले होते. धडधड होते का, असं विचारलं तर सगळे नाही म्हणाले असते. त्यांनी विचारलं, आतली उचकी लागते का रे? तपासणीत आत्यासकट चार जण वेळेवर सापडले. हृदयाचे डॉक्टरही आता नव्या माणसाला विचारत होते, तुमच्या घरात याला काय म्हणतात?

"चार जण, डॉक्टरबाई," ते म्हणाले. तीन शर्यती जिंकूनही त्यांचा चेहरा असा फुलला नसेल. "हिच्यामुळे चार जण."

"पाच," मुलगी म्हणाली. "बाबा, तू स्वतःला धरलंच नाहीस."