नाइविसच्या मानेचा वास

हे तुम्ही खरं मानणार नाही, मला ठाऊक आहे. पण आमच्या क्युबातल्या, पिनार देल रिओकडल्या तंबाखूच्या गावात एका वर्षाच्या पोरीमागं मधमाश्यांचं अख्खं मोहोळ लागलं होतं, आणि तिच्या वासानं माझा घोडा तीन महिने शिंकत होता.

पोर म्हणजे दामारिसची नाइविस. बाप्तिस्म्याला तिला मीच हातावर धरलं, म्हणून मी तिचा धर्मबाप. मान, कोपरं, गुडघ्यांमागच्या खोबणी, सारं इसबानं लाल. खाजवून रक्त काढायची. आईच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. मग गावची अक्कल पुढं सरसावली. एकीनं पेरूच्या पाल्याचा काढा ओतला. दुसरीनं डुकराची चरबी फासली. तिसरा शहाणा तर ओली तंबाखूच बांधायला निघाला. त्यापेक्षा माझा घोडा बरा, तो निदान औषधं सांगत नाही.

शेवटी दवाखान्यातल्या नर्सबाईनं सांगितलं, कोमट पाण्यानं झटपट अंघोळ, अंग ओलं असतानाच व्हॅसलीनचा जाड थर, सुती कपडे, नखं कापलेली. आणि वासाचं काही म्हणजे काही लावायचं नाही.

महिनाभर सगळं केलं. कोपरं निवळली, गुडघे निवळले. मान मात्र तशीच लालभडक. दामारिसची सासू हेर्मेनेहिल्दा, तिचं नाक आणखी वर चढलं. "व्हॅसलीन फासून काय व्हतंय? आमच्या गाडीच्या आसाला जल्मभर फासलं, त्यो अजून कुरकुरतोय."

आता आमच्याकडं न्हाऊ घातलेल्या लेकराच्या मानेवर व्हायोलेटच्या फुलांचं घमघमतं पाणी शिंपडतात. त्याला कुणी वासाचं म्हणत नाही. लेकराचा वासच तसा, असं सगळे धरून चालतात. सासूबाई रोज अर्धी ओंजळ ओतायच्या आणि वर शपथ घ्यायच्या, की वासाचं काही लावत नाही. खरं वाटायचं त्यांना.

अख्ख्या मूर्खांच्या गावात हे मी एकट्यानं ओळखलं. बाटली हिसकून घेतली आणि उंबऱ्यातून भिरकावली ती थेट नदीपार. तिथले बगळे अजून घमघमतात. पंधरा दिवसांत मान गुळगुळीत.

दामारिस शेजारीच तंबाखूची पानं दोऱ्यात ओवत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"आबा, बाटली म्या वतली. मोरीत," ती म्हणाली. "आन् दर रविवारी नवी बाटली कोण आणत व्हतं? तुमचा घोडा नाइविसच्या वासानं नव्हता शिंकत. बाटल्या त्याच्याच खोगिराला असायच्या."