लिंडक्विस्टांचा वैमानिक

आमच्या नेब्रास्कातल्या कॉलेजात फी लष्कर भरायचं आणि पदवीनंतर चार वर्षं अधिकारी म्हणून राबवून घ्यायचं. ते शिक्षण घेणारे आम्ही मूठभर कॅडेट. त्यात ब्रॅडी लिंडक्विस्ट पहिल्या दिवसापासूनच वैमानिक होता. जमिनीवरून पाय कधी सुटले नव्हते, पण काळा चष्मा होता, चामडी जाकीट होतं, आणि आम्हा बाकीच्यांना तो ‘पायदळी लोक’ म्हणायचा.

आयोनी क्रेब्झला खरोखरच उडायचं होतं. मक्यावर फवारणी करणारी विमानं बघत वाढलेली मुलगी. वैमानिक निवडायच्या लेखी परीक्षेत तिला ब्रॅडीहून जास्त गुण पडले. पण निवड समितीपुढे ती विचारलं तेवढंच बोलली, ब्रॅडी न विचारलेलंही बोलला. शेवटच्या वर्षी निकाल लागला, ब्रॅडीला हेलिकॉप्टर, आयोनीला मालट्रक.

“वाईट वाटून घेऊ नकोस,” ब्रॅडी तिला म्हणाला. “खाली रसद पोचवायलाही कुणीतरी लागतंच की.”

“तुझी रसद मी सगळ्यात शेवटी पोचवीन,” आयोनी म्हणाली.

मग आम्हा कॅडेटांचे प्रमुख मेजर टीझडेल यांनी त्याला करारावर सहीसाठी बोलावलं. मी तिथेच बूट पुसत होतो.

“दहा वर्षं,” मेजर म्हणाले.

“चार ना, सर?”

“चार ट्रकवाल्यांना. तुझी दहा, आणि तीही उडायला शिकून झाल्यावर मोजायची. हेलिकॉप्टर महाग असतं, लिंडक्विस्ट. आम्ही पंख देतो आणि पाय बांधून घेतो.”

ब्रॅडीचा चेहरा उतरला. त्याच आठवड्यात आम्हाला हेलिकॉप्टरमधून एक चक्कर मिळाली. पहिल्याच वळणाला ब्रॅडीने मेजरची टोपी ओढून घेतली आणि तिच्यात सकाळची सगळी न्याहारी परत केली. मेजरनी ती टोपी त्यालाच भेट दिली.

खाली उतरल्यावर मी म्हणालो, “अरे, अजून सही व्हायचीय. नको म्हणून सांग.”

“कसं सांगू? डॅडनी अख्ख्या चर्चला सांगितलंय. आईने हेलिकॉप्टरच्या आकाराचा केक केला. त्याचा पंखा मी खाल्लासुद्धा!”

शेवटी केकच्या भिडेखातर त्याने दहा वर्षं लिहून दिली.

अलाबामातल्या उड्डाणशाळेत तो कित्येक आठवडे हिरवापिवळा होऊन उतरत होता. मग एके दिवशी पोट गप्प बसलं, आणि मला त्याचा फोन आला. पहाटे धुक्याच्या वर निघालो, म्हणाला, आणि पुढे त्याला बोलताच येईना. वैमानिकीचा एवढा टेंभा मिरवणारा माणूस, पण उडणं त्याला खरंच आवडलं ते तेव्हा.

आणि लष्कराने त्याला टेबलाशी बसवलं. अधिकारी झालात की उडायचं खालच्या हुद्द्याच्या वैमानिकांनी. तुम्ही त्यांची वेळापत्रकं करायची, बैठकांना तक्ते दाखवायचे. महिन्यातून जेमतेम परवाना टिकेल इतकं आकाश.

आयोनी चार वर्षं ट्रक हाकून मोकळी झाली, गावी परतली, परवाना काढला आणि फवारणीच्या विमानावर लागली. जुलैत ब्रॅडी रजेवर आला, तेव्हा आम्ही दोघं तिच्या धावपट्टीवर गेलो. त्याचे डॅडही बरोबर होते.

“आमचा ब्रॅडी आभाळात असतो,” ते आयोनीला सांगू लागले.

“तळमजल्यावर असतो, डॅड,” ब्रॅडी म्हणाला. “खिडकीसुद्धा नाही.”

डॅड खोकले आणि मक्याकडे बघू लागले.

ब्रॅडी तिच्या पिवळ्या विमानाभोवती दोनदा फिरला, पंखावरून हात फिरवला. मग हळूच म्हणाला, “आयोनी, एक चक्कर मारून आणशील?”

“एकच सीट आहे रे,” आयोनी शिरस्त्राण चढवत म्हणाली. “तू असं कर, बांधावर उभा राहा. वारा फिरला की हात हलव.”

आणि कॅप्टन लिंडक्विस्ट खरंच बांधावर जाऊन उभा राहिला.