जहाजातून न आलेली खुर्ची

मी खुर्ची बोलतेय आणि सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून टाकते, कारण ती सांगायला मला फार वाट पाहावी लागली: मी जहाजातून आलेली नाही.

मॅसॅच्युसेट्समधल्या आमच्या गावात हे कबूल करणं सोपं नाही. इथल्या प्रत्येक जुन्या घरातलं काही ना काही, इंग्लंडहून पहिली माणसं घेऊन आलेल्या त्या पहिल्या जहाजातूनच आलेलं असतं. कुणाची पेटी, कुणाचा पाळणा, कुणाचं मोठं टेबल. हे सगळं खरं मानलं, तर त्या बिचाऱ्या जहाजात माणसांना उभं राहायलाही जागा उरली नसती.

माझा जन्म इथलाच. टेकडीखालच्या पाणथळ जागी एक लाल मेपल होता. पानगळीच्या दिवसांत सगळ्या रानाच्या आधी तो लाल व्हायचा. इथामार लव्हेट नावाच्या सुतारानं तो तोडला आणि त्यातून मला घडवलं. तेव्हा इथं इंग्लंडच्या राजाचं राज्य होतं, पण चहावरच्या करावरून लोकांची कुरकुर सुरू झाली होती. इथामार माझे पाय कातताना शीळ घालायचा आणि शीळ चुकली की पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा.

मला गावातल्या थ्रॅशर घराण्यानं विकत घेतलं. पण माझी बैठक विणली डॉर्कसनं. ती निपमक बाई. निपमक म्हणजे इथले मूळचे लोक. गावाच्या आधीपासून ही जमीन त्यांची. वसंत आला की डॉर्कस पाठीवर अ‍ॅश झाडाच्या पट्ट्यांचं ओझं घेऊन दारोदार फिरायची, टोपल्या विकायची, फाटलेल्या खुर्च्या विणून द्यायची. थ्रॅशरांच्या स्वयंपाकघरात बसून तिनं मला विणलं. बाज विणतात तसं, एक पट्टी वर, एक खाली, ओढून घट्ट. मधेच मक्याची भाकरी खाल्ली, थ्रॅशरबाईंच्या मांजराला उगाच दटावलं. निघताना म्हणाली, "बाई, ही झिजली की मला बोलवा. मी नसले तर माझ्या लेकीला."

मग माझ्यावर माणसं बसली. मटार सोलणारी, बाळांना पाजणारी, लढाईवरून परतून बूट काढणारी. खुर्चीला याहून काय हवं असतं?

राज्य गेलं, देश झाला, आणि देश शंभर वर्षांचा झाला तेव्हा सगळ्यांना एकदम पूर्वज आठवले. शेजारच्या बाई पाहुण्यांना सांगत होत्या, "आमची पेटी त्या जहाजातून आली बरं का." आमच्या तेव्हाच्या थ्रॅशरबाईंना ते सहन झालं नाही. त्यांनी मला पुढे ओढलं आणि म्हणाल्या, "ही पण." दोन शब्दांत मी समुद्र ओलांडला.

त्यानंतर मला काळा रंग लागला. बैठकीवर मखमल ठोकली गेली. पुढे मला गावच्या छोट्या संग्रहालयात नेलं आणि माझ्या दोन हातांमध्ये दोरी बांधली: बसू नये. वर्षातून एकदाच ती सुटायची. नोव्हेंबरात गावकरी पूर्वजांच्या नावानं एकत्र जेवतात. तेव्हा गावातला सर्वांत वयस्कर माणूस बकल लावलेली काळी टोपी घालून माझ्यावर बसतो आणि मका-घेवड्याच्या भाजीचा पहिला वाडगा त्याला मिळतो. तशी टोपी त्या काळी कुणी घालत नव्हतं, पण ते असो.

गेल्या वर्षी हा मान एल्बर्ट थ्रॅशरांना मिळाला. संग्रहालयाचे अध्यक्षही तेच. त्याच वर्षी गावाला तीनशे वर्षं पूर्ण व्हायची होती, म्हणून त्यांनी माझ्यासाठी पितळी पाटी करून आणली होती: 'पहिल्या जहाजातून आलेली खुर्ची'. दुसऱ्या दिवशी ती मला ठोकायची होती. मी आतून पेटले होते. लाकडात खिळ्यानं ठोकलेलं खोटं निघत नाही.

एल्बर्ट ऐटीत बसले आणि बैठक फाटून थेट आत गेले. गुडघे हनुवटीला, टोपी नाकावर, वाडगा मात्र सावरलेला.

"एल्बर्ट," त्यांची बहीण कॉर्डेलिया म्हणाली, "पूर्वजांना भेटायची एवढी घाई कशाला?"

"हसू नकोस. ओढ मला."

"आधी वाडगा दे इकडे. तो सांडायला नको."

त्यांना ओढून काढणाऱ्यांत जोसलिन होती. कॉलेजात इतिहास शिकणारी, सुट्टीत संग्रहालयात काम करणारी, कुठेच शांत न बसणारी. सगळे एल्बर्टांचे कपडे झटकत होते, तेव्हा तिनं मला उचललं आणि सरळ उलटं केलं.

इतक्या वर्षांत हे कुणालाच सुचलं नव्हतं. मला पाहायचे सगळे समोरून, हात मागे बांधून.

खाली रंग पोचला नव्हता. जोसलिननं बोट फिरवलं. "मिस्टर थ्रॅशर, हा मेपल वाटतोय. आपल्याकडचा, लाल. तज्ज्ञांना दाखवू, पण तसाच निघाला तर ही इंग्लंडहून आलेली नाही." मग तिनं फाटलेली मखमल बाजूला केली आणि वाकून पाहिलं. खाली डॉर्कसच्या पट्ट्या होत्या, तुटलेल्या, पण होत्या.

तज्ज्ञांनी लाकडाचा कण तपासला. लाल मेपलच निघाला. एल्बर्ट पाटी मांडीवर घेऊन बसले होते, शेजारी कॉर्डेलिया.

"म्हणजे आमची पणजी खोटं बोलली?"

"तिनं गोष्ट सांगितली," जोसलिन म्हणाली. "गोष्ट खरी नाही. पण गावानं ती इतकी वर्षं सांगितली, हे खरं आहे. का सांगितली, हाही इतिहासच आहे. पाटी टाकू नका. भिंतीवर लावू आणि खाली लिहू, आम्ही असं मानत होतो. खुर्चीवर मात्र ठोकू नका. तिचं म्हणणं वेगळं आहे."

"आणि विणली कुणी?" एल्बर्टांनी विचारलं.

"नाव नाही सांगता येणार. पण त्या काळी या भागात दारोदार जाऊन अशा खुर्च्या बहुतेक निपमक बायकाच विणायच्या. अ‍ॅशचं खोड कुटून अशा पट्ट्या माझी आई अजून काढते."

"अगं, पण तळ्याकाठच्या स्मारकाच्या दगडावर लिहिलंय ना, शेवटची निपमक बाई कधीच वारली..."

"लिहिलंय की. त्या दगडासमोरून मी रोज बस पकडायला जाते."

कॉर्डेलिया इतकी हसली, की तिला चष्मा काढावा लागला. एल्बर्टांनी पाटीवरून बाही फिरवली. आपल्या पणजीची गोष्ट अशी सहज हातातून सुटत नाही. मग त्यांनी खिशातले खिळे काढून जोसलिनच्या हातावर ठेवले. "भिंतीसाठी," म्हणाले. "आणि त्या दगडाचंही काहीतरी करायला हवं."

"ते माझ्या यादीत आहेच."

"असणारच, पोरी."

या वसंतात जोसलिन आणि तिची आई लोरेन पट्ट्यांचा भारा घेऊन आल्या. संग्रहालयाची दारं उघडी होती, गाव दाटीनं पाहत होतं. एक पट्टी वर, एक खाली, ओढून घट्ट. डॉर्कसच्या पट्ट्या त्यांनी काचेच्या पेटीत ठेवल्या. जोसलिन तिच्याच वंशातली का, हे तिला माहीत नाही आणि मलाही नाही. जे माहीत नाही ते मी सांगणार नाही, एकदा तसं करून पाहिलंय लोकांनी. पण 'माझ्या लेकीला बोलवा' हे शब्द मी ऐकले होते, आणि ते बोलावणं पोचलं, असं मला वाटतं.

विणून झाल्यावर एल्बर्ट म्हणाले, "लोरेन, आधी तुम्ही बसा."

"छे, तुम्हीच बसा. तुमचं वजन पेललं म्हणजे कुणाचंही पेलेल."

ते बसले. टोपी न घालता. मी हूं की चूं केलं नाही.

आता दोरी नाही. शाळेतली मुलं येतात, बसून बघतात, भाजीचा वाडगा मागतात. तुम्हीही या. बसा. आणि उठल्यावर मला उलटं करून पाहा. मला आवडतं. फक्त माझ्यापाशीच थांबू नका. घरी गेल्यावर तिथल्याही खुर्च्या उलट्या करा.