राहता मालक

पालिकेची तपासणी होणार म्हणून माझ्या लेकीनं घर धुऊनपुसून लख्ख केलं, आणि नेमकं तिथेच आमचं घोडं पेंड खायला लागलं.

घर आमचं गल्लीच्या टोकाला, तळ्यापासून थोडं चढावर. खाली बैठक, स्वयंपाकघर आणि बिनखिडकीची एक कोठी. वर तीन खोल्या. मी जन्मभर मोटारतळावर हमाली केली. लेक दूरच्या शहरातल्या मोठ्या हॉटेलात खोल्या आवरायची आणि तिथेच तळघरात इतर बायकांबरोबर राहायची. तिची आई गेली तेव्हा ती आली, आणि परत निघायच्या वेळी पिशवी भरता भरता थांबून म्हणाली, "बाबा, वरच्या खोल्या तळं बघायला येणाऱ्यांना देऊ या. रोजच्या भाड्यानं. मला दुसरं काही येत नाही, पण हे येतं."

मी म्हटलं, दे. आजवर लोकांची ओझी घेऊन त्यांच्या दारी गेलो. आता लोक ओझी घेऊन माझ्या दारी येतील.

आले. आधी एका खोलीत, मग दोन, मग हंगामात तिन्ही भरायला लागल्या. माझी मागची खोली सगळ्यात शेवटी गेली. मी जिन्याखाली घडीच्या खाटेवर झोपू लागलो आणि लेक कोठीत, बटाट्याच्या पोत्याशेजारी. पाहुणे उठायच्या आत दोन्ही अंथरुणं गुंडाळून ठेवायची. त्याचं मला काही वाटत नव्हतं. हमालाला झोप म्हणजे काय, पाठ टेकली की झालं.

मग नवा नियम आला. बाहेरच्या माणसांनी गल्लीतली घरं विकत घेऊन दारांना आकड्यांची कुलुपं लावली होती. पाहुणे आकडे दाबून आत जायचे, आकडे दाबून निघून जायचे. मालक कुठल्या मुलखात बसलाय, कोणाला पत्ता नाही. आमच्या शेजारी शिंपी राहतो. त्याच्या पलीकडच्या अशाच एका घरात नळ वाहत राहिला, पाणी भिंतीतून झिरपून त्याच्या कापडाच्या गठ्ठ्यांत शिरलं, आणि बोंब कोणाच्या नावानं मारायची हेच त्याला कळेना. शेवटी त्यानं ती आमच्या दारात येऊन मारली. अशा तक्रारी साठत गेल्या आणि पालिकेनं ठरवलं: या भागात रोजच्या भाड्यानं खोल्या द्यायच्या तर परवाना काढा, दर पाहुण्यामागे मुक्काम-कर भरा, आग विझवायचं साधन भिंतीला लावा, आणि मुख्य म्हणजे मालक त्याच घरात राहता पाहिजे. त्याची स्वतःची झोपायची खोली पाहिजे, आणि ती भाड्यानं देता येणार नाही.

मला नियम पटला. लेकीलाही पटला. "आपण राहतोच की," ती म्हणाली. "मागची खोली तुमची म्हणून दाखवू. आपल्याला कसली भीती?"

भीती होती. परवाना नाही मिळाला तर तिला त्या तळघरात परत जावं लागलं असतं. हॉटेलच्या देखरेखवाल्या बाईंचा अधूनमधून फोन यायचा, "जागा आहे, येतेस का?" लेक दर वेळी "बघते" म्हणायची. "नाही" म्हणायची नाही.

तिच्या हॉटेलात एक शिस्त होती. खोली अशी आवरायची की आधी इथे कोणी माणूस राहून गेला असं पुढच्याला वाटता कामा नये. केस नको, वास नको, उशीवर खड्डा नको. तपासणी म्हटल्यावर तिचे हात त्याच वळणानं चालले. माझी मागची खोली तिनं पाहुण्यांच्या खोलीसारखी केली. चादर ताणून बसवली, टॉवेलच्या घड्या घालून त्यांना कागदी पट्टी लावली, नवा साबण ठेवला. खालीही तेच. माझी औषधं, चष्म्याचं घर, दात घासायचे ब्रश, दारातल्या चपला, सगळं ट्रंकेत. मला धुतलेला सदरा घालून बैठकीतल्या खुर्चीवर बसवलं.

"पाठ टेकू नका," ती म्हणाली. "पाठीमागच्या कापडाला सुरकुती पडते."

तपासनीस बाई आल्या. चाळिशीच्या, खांद्याला पिशवी, पायात चालून चालून बसका झालेला बूट. त्यांनी जिना पाहिला, कठडा हलवून पाहिला, विझवण्याच्या नळकांड्यावरची तारीख वाचली. "छान आहे," म्हणाल्या. लेकीच्या खांद्यावरचं अर्धं ओझं उतरलेलं मला दिसलं.

"मालक कोण?"

"हे. माझे वडील."

"आणि आजोबा, तुम्ही झोपता कुठे?"

लेकीनं घाईघाईनं त्यांना मागच्या खोलीत नेलं. मीही गेलो. बाईंनी कपाट उघडलं. आत रिकामे हँगर. खण ओढला. त्यात काही नाही. त्यांनी टॉवेलवरची कागदी पट्टी बोटानं वर उचलली आणि सोडून दिली.

"बाई," त्या लेकीला म्हणाल्या, "इथे कोणी राहत नाही."

"अहो, आम्ही राहतो. तुम्ही येणार म्हणून आवरलं."

"आवरलंय असं नाही दिसत. पुसून टाकलंय असं दिसतं." त्या काही रागावलेल्या नव्हत्या, दमलेल्या होत्या. "पलीकडच्या गल्लीत एका घरात मालक म्हणून असेच एक आजोबा खुर्चीवर बसवले होते. त्यांना मोरी कुठे आहे तेही सांगता आलं नाही. भाड्यानं आणले होते."

"मोरी जिन्याच्या डाव्या हाताला," मी म्हणालो. "कडी नीट लागत नाही. आत असलं की गाणं म्हणावं लागतं."

बाईंच्या ओठाचा कोपरा हलला, पण पेन काही थांबलं नाही. अर्ज नाकारला नव्हता, अडकवून ठेवला होता. महिन्याभरात त्या न सांगता पुन्हा येणार होत्या. तोवर मागची खोली कोणाला द्यायची नाही. तेव्हाही घर असंच दिसलं तर परवाना नाही, आणि खोल्या बंद.

त्या गेल्यावर लेक पायरीवर बसली. शिंपी त्याच्या दारातून सगळं ऐकत होता. तो मला मुकादम म्हणतो. मी कधीच मुकादम नव्हतो, पण नुसता हमाल म्हणायला त्याची जीभ अडखळते.

"काय हो मुकादम, नापास?"

"फार स्वच्छ म्हणून."

"माझ्याकडे धाडायच्या होत्या बाई. माझ्या घरात माणूस राहतो हे आंधळ्यालासुद्धा कळेल."

लेक हसली नाही. त्याच दुपारी फोन आला आणि ती "बघते" ऐवजी "पुढच्या महिन्यात नक्की सांगते" असं म्हणाली. मी ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं.

दुसऱ्या दिवसापासून तिनं घर राहतं दिसावं म्हणून कंबर कसली. माझ्या चपला दारात आल्या. एक सरळ, एक किंचित तिरकी. मागच्या खोलीत खुर्चीच्या पाठीवर माझा सदरा, त्याची एक बाही अलगद खाली सोडलेली. टेबलावर पेला, त्यात बोटभर पाणी. शिंपी बघायला आला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"पोरी, हे राहणं नाही. ही दुकानाची काच आहे. खाली किमतीची चिठ्ठी तेवढी लाव."

"मग काय करू काका?"

"काही करू नकोस. तीच तर अडचण आहे तुझी."

खरंच तीच होती. मी वर्तमानपत्र खाटेवर टाकून खाली चहाला जावं. परत येतो तर त्याची घडी घातलेली. ब्रश मोरीत ठेवावा, तो कपाटात गेलेला. तिला विचारलं तर तिला आठवायचंही नाही. हात आपोआप चालत होते, चालत्या बैलाला रस्ता सांगावा लागत नाही तसे. आणि खोटं कशाला बोलू, मीही कमी नव्हतो. पाहुण्यांसाठीची ती मऊ गादी मला परकी वाटायची. मी पहाटे उठून चादर ताणून बसवायचो आणि आपण रात्री इथे नव्हतोच अशा चेहऱ्यानं खाली यायचो.

असे दिवस जात होते. पुढच्या दोन खोल्यांत पाहुणे होतेच. मग एका सकाळी मी बटाटे आणायला कोठीत गेलो. लेक बाजारात होती. तिचं अंथरूण गुंडाळून पोत्यावर ठेवलेलं, आणि शेजारी तिची ती पिशवी, हॉटेलातून आणलेली. उघडीच होती. कपडे आत तसेच घड्या घातलेले. इतकी वर्षं झाली, तिनं पिशवी रिकामी केली नव्हती. घरात एक खण तिचा नव्हता.

मी पिशवी उचलली. अंथरूण काखेत मारलं. जिना चढून मागच्या खोलीत नेलं आणि सगळे कपडे खाटेवर ओतले. माझे सदरे कपाटातून काढले, तिचे आत लावायला घेतले. मला बायकांचे कपडे लावता येत नाहीत. अर्धे खालीच पडले.

ती आली ती थेट वर. "हे काय चाललंय?"

"ही खोली तुझी. मी खाली जातो."

"बाबा, नियमात मालकाची खोली लिहिलीय. मालक तुम्ही."

"मग मालक म्हणून सांगतो, तू इथे झोप."

"तुमची पाठ बघा आधी. तुम्ही परत जिन्याखाली झोपणार? लोक काय म्हणतील मला?"

"आणि मला काय म्हणतील? लेक घरी आणली आणि बटाट्यात ठेवली."

"मला सवय आहे."

"सवय आहे म्हणूनच तर," मी म्हणालो, आणि माझा आवाज चढला. "तिथे तळघर, इथे कोठी. तिथे नोकर होतीस, इथे कोण आहेस? पिशवी भरून ठेवलीयस. गाडीची वाट बघतेयस का?"

मग तीही कडाडली. "तुम्ही तरी राहता का इथे? पहाटे उठून चादर ताणता. मला वाटतं की माझ्या घरी गिऱ्हाईक उतरलंय. भाडं तेवढं द्यायचं राहिलंय."

"मग दे पावती."

"आई असती तर..."

"आई असती तर दोघांनाही झाडूनं मारलं असतं."

दारात कोणीतरी घसा खाकरला. तपासनीस बाई उभ्या होत्या. खाली बैठकीत बसलेल्या पाहुण्यांनी त्यांना आत घेतलं होतं. किती वेळ उभ्या होत्या ते त्यांनाच ठाऊक. माझ्या एका हातात लेकीचा परकर, दुसऱ्यात हँगर. जमिनीवर कपडे, खाटेवर कपडे, कांद्याची साल एक अंथरुणाबरोबर वर आलेली.

बाईंनी सगळीकडे नजर फिरवली. "रात्री इथे कोण झोपतं?"

"हे," लेक म्हणाली.

"ही," मी म्हणालो.

बाई खाटेच्या कडेवर बसल्या. कपडे बाजूला सारून बसल्या, आणि हसायला लागल्या. "हजारो घरं बघते मी. असं भांडण भाड्यानं आणता येत नाही."

पण त्या उठल्या तेव्हा कामाचं बोलल्या. कोठी त्यांनी नीट पाहिली. घरात दोन मोठी माणसं राहतात तर झोपायच्या खोल्या दोन हव्यात, आणि जिला खिडकी नाही ती झोपायची खोली धरता येत नाही. तेव्हा एक तर वरची आणखी एक खोली घरात घ्या आणि पाहुण्यांना एकच द्या, नाहीतर कोठीला खिडकी पाडा. कोठीची भिंत शिंप्याच्या अंगणाला लागून होती. त्याची संमती लागणार होती.

"आणि मुक्काम-कर," बाई लेकीला म्हणाल्या, "तो पाहुण्यांकडून वेगळा घ्यायचा, वेगळा ठेवायचा आणि पालिकेत भरायचा. भाड्यात मिसळायचा नाही. तो पैसा तुमचा नाही."

"ते मी सांभाळीन," मी म्हणालो. "दुसऱ्याचं सामान आपल्या डोक्यावर असलं म्हणून ते आपलं होत नाही. एवढं मला येतं."

शिंप्याकडे आम्ही दोघं गेलो. लेकीनं सांगितलं. तो मशीनवरून उठला नाही, पाय चालूच.

"खिडकी? माझ्या अंगणात?"

"लहानशी, काका."

"म्हणजे तुमच्या पाहुण्यांनी पहाटे चाकांच्या पेट्या गडगडवत माझी झोप मोडायची, आणि वर तुम्ही माझं अंगण बघत बसायचं."

"पाहुणे नाही, मी झोपणार तिथे," लेक म्हणाली. "पुढच्या दोन खोल्याच भाड्याला. मागची बाबांची. कोठी माझी."

त्याचे पाय थांबले. "म्हणजे तू राहतेयस?"

"खिडकी झाली तर."

त्यानं धागा दातानं तोडला. "माझ्या एका बाजूला कुलूप आहे, समोर कुलूप आहे. भांडायला या गल्लीत तुम्हीच उरलात. कुठे सही करू?"

गवंडी आला तो दिवस कोरडा आणि लख्ख होता. भिंतीतून पहिली वीट निघाली तशी कोठीत उजेडाची काठी शिरली, त्यात धूळ नाचत होती. कोठीचा रंग हिरवट आहे हे मला तेव्हा कळलं. बटाट्याचं पोतं जिन्याखाली गेलं, माझ्या खाटेच्या जागी. लेक मध्ये उभी राहून खाट कुठे, कपाट कुठे, हे हातवारे करून गवंड्याला सांगत होती, जणू गवंड्याचा त्या मांडणीशी काही संबंध होता.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. हॉटेलच्या बाई. तिनं ओढणीनं धूळ पुसून फोन कानाला लावला.

"नाही," ती म्हणाली. "नाही जमणार. दुसरी कोणी बघा." मग पलीकडून काही विचारलं असावं. "माझ्याकडे इथे खोल्या आहेत. दोन पाहुण्यांच्या, दोन घरच्या. परवाना येतोय."

फोन ठेवून ती वळली तर भिंतीच्या भोकातून शिंप्याचं डोकं आत आलेलं. गळ्यात टेप.

"बाजूला सर, पोरी. पडद्याचं माप घेऊ दे."

"अजून चौकट बसायचीय, काका."

"बसेल. कापड तुझं, शिलाई माझी. आणि जाड कापड आण. मी सकाळी अंगणात बनियनवर असतो."

"मग तुम्ही सदरा घाला," लेक म्हणाली, आणि टेपचं दुसरं टोक धरायला पुढे झाली.