चाकाचा एक फेरा

सायकल मागच्या खोलीत आली त्या दिवशी लिफ्टमामांना कुणी काही विचारलं नाही. मुलाने लोखंडी स्टँड आणला, मागचं चाक जमिनीपासून उचलून त्यात आवळलं, पुढच्या चाकाखाली जुन्या चादरीची घडी सरकवली आणि हात झटकत म्हणाला, “घ्या बाबा. आता हवी तेवढी चालवा. ऊन नको, पाऊस नको, ट्रक नको.”

“आणि रस्ता नको,” मामा म्हणाले.

“रस्त्याचं नाव काढू नका. परवा तो ट्रकवाला वेळेवर थांबला म्हणून आज आपण बोलतोय.”

ट्रकवाला थांबला होता हे खरंच. चौकात चक्कर आली, डोळ्यांपुढे दिवे फिरले आणि मामा सायकलीसकट आडवे झाले, हेही खरंच. डॉक्टर म्हणाले, कानाच्या आत तोल सांभाळणारी एक जागा असते, ती बिघडलीय. पुन्हा सायकल कधी, असं विचारलं तर म्हणाले, “बघू.” तो ‘बघू’ मामांनी जपून ठेवला होता. मुलाच्या लेखी त्याचा अर्थ ‘नाही’ असा होता.

मामा हे कामावरचं नाव. एका जुन्या, उंच कचेरीत ते लिफ्ट चालवायचे. बटणांची नव्हे, दांड्याची. दांडा डावीकडे ढकलला की वर, उजवीकडे ढकलला की खाली, आणि मधे आणला की थांबा. मजल्याची फरशी आणि लिफ्टची फरशी एका रेषेत आल्याशिवाय मामा जाळीचं दार उघडत नसत. बोटभरही पायरी राहता कामा नये. कचेरीतले लोक म्हणायचे, मामांच्या लिफ्टमध्ये काठोकाठ भरलेला कप घेऊन चढावं, एक थेंब सांडायचा नाही. त्या एवढ्याशा पेटीत स्टुलावर बसून त्यांचा जन्म गेला. पण कधी तक्रार केली नाही, कारण खाली सायकल लावलेली असायची. दिवसभर वर-खाली, संध्याकाळी सरळ. घर जवळ असलं तरी ते लांबून, नदीच्या पुलावरून यायचे.

आता ती सायकलही पेटीत आली होती. मागच्या खोलीला एकच खिडकी, आणि खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत. भिंतीवर पाण्याचा एक पाइप. मामा पायडल मारायचे आणि पाइप बघायचे. पाइपाच्या जोडावर गंज धरला होता. त्या डागाचा आकार त्यांना पाठ झाला.

खोलीत दुसरं कुणी असेल तरच सायकलवर बसायचं, असा मुलाचा दुसरा नियम. घरात दिवसभर असायची ती सूनबाई. ती लोकांचे पडदे शिवून द्यायची. तिचं पायाचं मशीनही त्याच खोलीत, सायकलच्या बरोब्बर समोर. म्हणजे सासरा आणि सून समोरासमोर बसून पाय चालवायचे आणि दोघांतलं कुणी कुठं पोचायचं नाही.

“घाण्याचा बैलसुद्धा बरा,” मामा एकदा धापा टाकत म्हणाले. “त्याच्या डोळ्यांवर झापड तरी असते. आपण चाललोय असं त्याला वाटतं तरी.”

“आणि माझं काय?” सूनबाई मान वर न करता म्हणाली. “माझ्या मशीनलाही चाक आहे. मी कधी विचारलं का, आज कुठवर गेले म्हणून?”

“विचारावं. निदान कळेल तरी.”

“मला नको कळायला. उगाच घरी परत यावं लागेल.”

मामा हसले, पण मनात ती गोष्ट अडकून बसली. कुठवर गेलो? रस्त्यावर ते कधी विचारावं लागलं नव्हतं. पूल आला की पूल आला. इथे पाय भरून येत, सदरा भिजत असे, आणि समोर तोच पाइप.

रात्रीच्या जेवणाला त्यांनी विषय काढला, तेव्हा मुलाला उलट बरं वाटलं. बाप काहीतरी मागतोय म्हणजे रुळतोय. “सायकलचा कॉम्प्युटर मिळतो बाबा. वेग, अंतर, सगळं दाखवतो. मी आणतो.” आणि दोन दिवसांत घेऊनही आला. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, काळा, छोट्या काचेचा. हँडलवर बसवला. मुलगा मोठ्या उत्साहाने म्हणाला, “हा थेट उपग्रहाशी बोलतो. तुम्ही कुठे आहात ते आकाशातून बघतो. तार नाही, काही नाही.”

मामा बसले. पायडल मारू लागले. आधी पडद्यावर एक गोल फिरत राहिला. उपग्रह सापडत नव्हता. मुलाने सायकल स्टँडसकट खिडकीकडे ओढली, तेव्हा एकदाचा सापडला. मामांनी जोर केला. साखळी गरगरली, मागचं चाक घुमायला लागलं, मशीनवरचा पातळ पडदासुद्धा वाऱ्याने हलला. काचेवर आकडा आला: शून्य. वेग शून्य, अंतर शून्य. मामांनी आणखी जोर लावला. शून्यच.

“बिघडलाय वाटतं,” मुलगा म्हणाला.

“बिघडला कसला,” मामा पाय थांबवून म्हणाले. “आकाशातून बरोब्बर दिसतंय त्याला.”

मुलगा ओशाळला. वाईट त्यालाही वाटलं होतं. तो फक्त म्हणाला, “दुकानात बदलून देतील. उद्या हिच्याबरोबर जाऊन या.” आणि खोलीबाहेर गेला.

सायकलचं दुकान चालवणारी बाई होती. चष्मा दोरीने गळ्यात, नखांत वंगण. तिने डबी उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाली, “माल चांगला आहे. पण याला हालचाल आकाशातून कळते. आणि हे स्वस्तातलं मॉडेल, याला चाकावरचा सेन्सर जोडता येत नाही. दोन्हींवर चालणारं आहे, पण त्याची किंमत ऐकून तुम्ही सायकलच विकाल.” मग तिने काउंटरवर दुसरी दोन खोकी ठेवली. “हा तारेचा. पुढच्या चाकाच्या स्पोकला लोहचुंबक लावायचं, ते सेन्सरसमोरून गेलं की एक फेरा. पण स्टँडवर पुढचं चाक फिरत नाही आणि तार मागपर्यंत पुरत नाही. म्हणून हा बिनतारी. एक सेन्सर मागच्या चाकाचे फेरे मोजतो, दुसरा पायडलचे. वेग, अंतर, आणि मिनिटाला पाय किती वेळा फिरले तेही. खोलीत हाच चालेल.”

मग तिने अगदी साधा प्रश्न विचारला. “तुम्ही चालवणार कुठं आजोबा? घरात की रस्त्यावर? बाहेर जाणार असाल तर आणलाय तोच ठेवा.”

मामांनी सूनबाईकडे पाहिलं. सूनबाई भिंतीवर टांगलेल्या टायरांकडे बघत होती. तिला उत्तर देता आलं असतं, पण तिने दिलं नाही.

आणलेला ठेवला तर रोज शून्य बघायचं, पण मग डॉक्टरांचा ‘बघू’ शिल्लक राहत होता. दुसरा घेतला तर आकडे खरे दिसणार, पण खोली कायमची आपली झाली असं स्वतःच्या तोंडाने कबूल करायचं. ती डबी परत काउंटरवर ठेवली की पूल गेला, नदी गेली. मामांनी डबी हातात धरली होती. आयुष्यात त्यांनी हजारोंना ‘कितवा मजला?’ असं विचारलं होतं. त्यांना विचारणारी ही पहिलीच.

“घरात,” मामा म्हणाले.

बाईने बिनतारी खोकं पुढे सरकवलं. “बसवणं सोपं आहे. एकच लक्षात ठेवा, याला चाकाचा घेर सांगावा लागतो, नाहीतर अंतर खोटं दाखवेल. टायरच्या कडेला आकार छापलेला असतो. आतल्या कागदावर तक्ता आहे, त्यात बघून घेर टाकायचा.”

“आणि छापलेलं पुसलं असेल तर?” मामांनी विचारलं.

“मग मोजायचा. सायकल सपाट जमिनीवर घ्यायची, चालवणारा वर बसलेला हवा, कारण वजनाने टायर दबतं. हवा भरायची नळी अगदी खाली असताना जमिनीवर खूण करायची. एक फेरा पुढे जायचं, नळी पुन्हा खाली आली की दुसरी खूण. मधलं अंतर म्हणजे घेर. खरं तर तोच जास्त अचूक.”

मामांनी मान डोलावली. घरी येईपर्यंत ते चार पावलं मागेच चालत राहिले. सूनबाईला वाटलं, खचले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खोली झाडायला गेली, तर स्टँडखाली काळी पूड पडलेली. बोटाने उचलून बघितली: रबराची. मग तिची नजर मशीनच्या खणाकडे गेली. खणाची लाकडी मूठ घासायला ठेवलेला पॉलिशपेपर वरच पडला होता आणि त्याच्यावर काळे पट्टे. ती वाकली. मागच्या टायरच्या कडेला कालपर्यंत आकडे होते. तिने स्वतः फडका मारताना वाचले होते. आता तिथे हाताएवढा गुळगुळीत पट्टा होता.

मामा दारात उभे होते. चोरी करताना पकडलेल्या पोरासारखे नव्हे; लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली की आतला माणूस जसा दाराकडे बघतो तसे.

सूनबाईने पूड सुपलीत घेतली. “टायर फारच झिजलंय हो बाबा,” ती म्हणाली. “काही वाचता येत नाही.”

मुलगा सुटीमुळे घरीच होता. त्याने आधी उडवून लावलं. “अंदाजे टाका ना. चार-दोन बोटांनी काय फरक पडतो?”

“अंतर खोटं येईल,” मामा म्हणाले.

“मग मी बसतो वर. बाबा कशाला?”

“तुमचं वजन त्यांच्या दीडपट,” सूनबाई म्हणाली. “त्यांचं टायर तुमच्या पोटाने दाबून कसं चालेल?”

मुलगा खाली बसला, टायरवरून अंगठा फिरवला. त्या गुळगुळीत जागी अंगठा थांबला. त्याने बायकोकडे पाहिलं. ती सुईत दोरा ओवत होती. एरवी तिला कधी इतका वेळ लागत नसे. मग त्याने बापाकडे पाहिलं. बाप पाइपाकडे बघत होता.

“मी सीट धरणार,” मुलगा शेवटी म्हणाला. “एकच फेरा. सोडणार नाही.”

सायकल स्टँडमधून निघाली आणि गल्लीत आली. गल्ली सपाट होती, दोन्ही बाजूंना बंद दारं, टोकाला वळण. सूनबाईने शिवणकामाच्या खडूने जमिनीवर रेघ मारली. मुलाने एका हाताने सीट आणि दुसऱ्याने बापाचा दंड धरला. मामांनी पायडलवर पाय ठेवला.

“चला,” सूनबाई म्हणाली. “हळू.”

चाक फिरलं. नळी मागून वर गेली, पुढून खाली यायला लागली. वारा असा नव्हताच, पण मामांच्या गालाला काहीतरी लागलं. शेजारचं एक दार मागे सरलं. कितीतरी दिवसांनी डोळ्यांसमोरची गोष्ट हलली होती. त्यांच्या बोटांनी ब्रेक आपोआप ओढला. नळी बरोब्बर खाली, बोटभर मागे नाही की पुढे नाही.

“झालं,” मुलगा म्हणाला. “उतरा.”

सूनबाईने टेप पसरला. शिंप्याचा टेप दीड मीटरचा, आणि घेर त्याहून जास्त. तिने मधे खूण केली, टेप पुढे सरकवला, कपाळाला आठ्या घातल्या. “टेप सरकला. परत घ्यावं लागेल. आणि तीनदा मोजून सरासरी काढा, असं दुकानवाल्या बाई म्हणाल्यात.”

दुकानवाली असं काही म्हणाली नव्हती. मामांनी पाय पुन्हा पायडलवर घेतला.

“मागे घेऊ का सायकल?” मुलाने विचारलं.

“मागे कशाला? इथूनच पुढे.”

दुसरा फेरा जिथे संपला तिथून तिसरा सुरू झाला. तिसऱ्याच्या शेवटी मामांना गल्लीचं वळण दिसलं, आणि वळणापलीकडच्या मोठ्या रस्त्याचा एक तुकडा. एक बस गेली. एक बाई फुगलेली पिशवी सांभाळत गेली. मुलाची पकड दंडावर घट्ट झाली. त्याला तो ट्रक आठवला असावा. मामांना ती पकड कळली. त्यांनी मनात आणलं असतं तर आणखी एक फेरा मारता आला असता, ब्रेक ओढायला उशीर झाला असं म्हणता आलं असतं. पण रेषेवर थांबायचं सोडून दुसरं त्यांच्या हाताला येत नव्हतं. नळी खाली आली आणि सायकल थांबली.

“उतरतो,” ते म्हणाले.

संध्याकाळपर्यंत सायकल पुन्हा स्टँडवर होती. मुलाने सेन्सर बसवले, चुंबक स्पोकला लावलं, घेर भरला. मामा पाय मारू लागले. काचेवर आकडे चढले, वेग आला, पायांचे फेरे आले, अंतर शून्यातून निघालं. समोर तोच पाइप होता, त्याच गंजाचा.

“कुठवर आलात?” सूनबाईने मशीनवरून विचारलं.

मामांनी काच बघितली. “गल्लीच्या वळणाच्या पुढे गेलो.”

“मग सांभाळून. तिकडे गर्दी असते.”

मुलगा स्टँडचे स्क्रू आवळत खाली बसला होता. उठता उठता त्याने मागचं टायर दोन बोटांनी दाबून पाहिलं आणि कुणाकडेही न बघता म्हणाला, “याची हवा उतरते हळूहळू. हवा उतरली की घेर बदलतो. पुढच्या सुटीला परत मोजावं लागेल.”

मामांच्या पायांचा आकडा काचेवर एकदम वर गेला. मग त्यांनी तो आवरला. सूनबाईने खडू खणात ठेवण्याऐवजी मशीनच्या फळीवर, हाताशी ठेवला, आणि पुढचा पडदा सुईखाली घेतला.