माशाच्या खणातला वास

मी साचा बोलतोय. लाल, मऊ, हातात धरला की लवणारा सिलिकॉनचा साचा. मंचरला चेतनाच्या स्वयंपाकघरात खिडकीशेजारच्या फळीवर माझी जागा आहे. घरातले मला अजूनही ‘ते रबर’ म्हणतात. मी रबर नाही. पण म्हणोत बिचारे.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला सांगता येणार नाही. तापवून, दाबून मला घडवलं आणि अंगावर सहा खण उठवले. एका बाजूला फूल, चांदणी आणि पत्त्यांतला बदाम; दुसऱ्या बाजूला मासा, ससा आणि फुलपाखरू. मग पुठ्ठ्याचा अंधार, कुरियरची गाडी, आणि एका दुपारी चेतनाच्या हातातली कात्री. तिने पाकीट उघडलं आणि मला उजेड दिसला.

तिच्या लेकीच्या, सिद्धीच्या वाढदिवसासाठी मला मागवलं होतं. चेतना मोठी नेटकी बाई. तिने मला कोमट पाण्याने धुतलं, कोरडं पुसलं, बोटभर तूप फिरवलं. मला एकट्याला उचललं की मी कंबरेत मोडतो, म्हणून खाली स्टीलचं ताट घेतलं. केक भाजून झाल्यावर सुरी न लावता मला निवू दिलं, आणि मग पाठीवर हलकेच दाबत एकेक नग सोडवला. बिनअंड्याचा केक, पण काय फुगला होता!

सिद्धीने टाळ्या पिटल्या. तिची आजी कस्तुरबाई मात्र ताटलीतला मासा बघून मागे सरली. हे घर जैनांचं. जीवाच्या आकाराचं खाऊ नये, कापताना मनाने जीव मारल्यासारखं होतं, असं तिचं म्हणणं. चेतना गोरीमोरी झाली. तेव्हा आजोबांनी, पन्नालालशेठनी निवाडा केला. फुलं कर, चांदण्या कर, म्हणाले. ती बाजू राहू दे. तेव्हापासून मासा, ससा आणि फुलपाखरू रिकामे राहिले. फळीवर ठेवतानाही चेतना ती बाजू भिंतीकडे करायची.

पन्नालालशेठची मार्केटात कांद्या-बटाट्याची आडत. घरात कांदा येत नसे, बटाटा येत नसे. पण बाजारात त्यांच्या शब्दावर ट्रक भरायचे. माणूस बोलण्यावर जगलेला. आणि त्या बोलक्या तोंडात, गालाच्या कोपऱ्यात, कायम माव्याची गोळी. सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटलेला मावा. उपवासाला अन्न सुटायचं, मावा सुटत नसे. माणसांचं हे मला कधी कळलं नाही. पाणी गाळून पितात, आणि तोंडात हे धरतात.

आधी तोंड पुरतं उघडेनासं झालं. मग गालात आतून पांढरा चट्टा आला. मग जखम. दात टोचतो म्हणून त्यांनी दात काढून घेतला. शेवटी पुण्याला नेलं, तेव्हा डाव्या बाजूचा अर्धा जबडा काढावा लागला.

घरी आले ते निम्मे होऊन. बोलणं असं बोबडं झालं की फक्त कस्तुरबाईला समजायचं. डॉक्टरांनी सगळं वाटून द्यायला सांगितलं होतं. म्हणून वरण, भात, भाजी एकत्र मिक्सरला लावून वाटी समोर यायची. राखाडी, गिळगिळीत. ते वाटी सरकवून द्यायचे. एकदा चेतनाने काकुळतीला येऊन विचारलं, तेव्हा ते काहीतरी पुटपुटले. कस्तुरबाईने डोळे पुसत अर्थ सांगितला. “म्हणतायत, हे म्हशीपुढचं आंबोण आहे. माणसाचं ताट नाही.”

त्यांचे सदरे खांद्यावरून ओघळायला लागले. गळ्यातली शीर दिसायला लागली.

मग एके सकाळी चेतनाने मला फळीवरून काढलं. मुगाची डाळ भिजवून वाटली, हिंग-तूप घातलं, चांदणीत ओतली आणि मला चाळणीवर ठेवून वाफवलं. भोपळा वेगळा शिजवला, दोडका वेगळा. जेलीसारखं घट्ट व्हावं म्हणून चायना ग्रासच्या पाण्यात मिसळून एक बदामात, एक फुलात बसवला. हाताला कोमट लागेपर्यंत थांबली. ताटात पिवळी चांदणी, हिरवं फूल आणि केशरी बदाम वाढला. प्रत्येकाची जागा वेगळी, चव वेगळी, आणि सगळं जिभेवर विरघळणारं.

“अगं, सासऱ्याच्या ताटात बदाम वाढतेस?” कस्तुरबाई कानकोंडी झाली.

पन्नालालशेठनी ताटाकडे बराच वेळ पाहिलं. मग त्या तुटक्या तोंडातून एक आवाज निघाला. चेतना घाबरली. ते हसत होते. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यांनी चमचा उचलला.

त्यानंतर मला सुट्टी नव्हती. रात्री या घरात कुणी जेवत नाही, म्हणून दिवस मावळायच्या आत दुसरं ताट तयार लागायचं. चेतना मला तारेच्या घासणीने कधी घासत नसे. मऊ स्पंजने धुवायची. तेलाचा चिकट थर बसला की सोडा घातलेल्या पाण्यात उकळवायची. मी थकत नव्हतो. शेठच्या गालावर थोडी तुकतुकी आली, आडतीवर जाऊन खुर्चीत बसू लागले. ते माझे चांगले दिवस.

त्याच दिवसांत एका दुपारी अरिहंत स्वयंपाकघरात आला. शेठचा मुलगा, चेतनाचा नवरा. आता आडत तोच सांभाळायचा. घरात सामसूम होती. त्याने इकडेतिकडे पाहिलं, फळीवर हात घातला, आणि माशाच्या खणात एक पुडी दडवली.

माव्याची पुडी.

त्या बाजूला या घरात कुणी बघत नाही, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. स्वयंपाकाच्या वेळा चुकवून तो यायचा. पुडी ठेवायचा, काढायचा. वडिलांच्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्याच्या दारात याच माणसाने हात जोडून सगळं सोडल्याची शपथ घेतली होती, असं चेतना आपल्या आईला फोनवर अभिमानाने सांगायची. मी ते ऐकायचो आणि पोटात ती पुडी धरून बसायचो.

काच वास विसरते. स्टील विसरतं. मी विसरत नाही. वास माझ्या अंगात मुरतो. चेतनाला तो जाणवायला लागला. तिला वाटलं मोरीचा असेल, हिंगाचा असेल. तिने साबण बदलला, लिंबू चोळलं, मला रिकामंच ओव्हनमध्ये तापवलं. वास जरा दबायचा, पुन्हा यायचा.

एका सकाळी शेठनी चांदणीचा घास तोंडाजवळ नेला आणि तिथंच थांबवला. जिभेची चव एव्हाना गेली होती, पण नाक शाबूत होतं. त्यांनी चमचा खाली ठेवला.

“मावा,” ते म्हणाले.

चेतनाचा चेहरा उतरला. “बाबा, तुम्ही परत…?”

त्यांनी मान हलवली आणि माझ्याकडे बोट केलं. तिने मला त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी एकेक खण हुंगला. माशापाशी आले, आत बोट फिरवलं. शेपटीच्या बेचक्यात सुपारीचा एक कण अडकला होता. तो त्यांनी बोटावर घेतला. मग अरिहंतला आडतीवरून बोलावून घ्यायला सांगितलं.

तो आला. टेबलावर मला पाहिलं आणि दारातच उभा राहिला.

“तोंड उघड.”

कस्तुरबाईला अर्थ सांगावा लागला नाही. अरिहंत जवळ येऊन खाली बसला, तोंड उघडलं. दवाखान्यात डॉक्टरांनी शेठना शिकवलं होतं, की निरोगी माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटं उभी जातात. शेठनी मुलाचा हात धरला आणि त्याचीच बोटं त्याच्या तोंडाशी नेली. दोन बोटं कशीबशी गेली. त्यांनी तिसरं लावून पाहिलं. पुन्हा लावलं. जबडा ताणून अरिहंतच्या डोळ्यांत पाणी आलं. पण बोट गेलं नाही.

शेठनी त्याचा हात सोडला नाही.

“माझं असंच सुरू झालं,” ते म्हणाले. इतके महिने कस्तुरबाईशिवाय कुणाला न कळणारं त्यांचं बोलणं त्या दिवशी प्रत्येकाला लख्ख कळलं.

पुढचं सांगायला माझ्याजवळ फार नाही. शेठच्या मानेत गाठ आली. ती डॉक्टरांनी हाताने चाचपली आणि यांना घरी घेऊन जा म्हणाले. चेतना चांदणी करत राहिली. शेवटी शेवटी तिचं एक टोकही त्यांना संपेना. एका पहाटे कस्तुरबाई त्यांच्या कानाशी नवकार मंत्र म्हणत होती, तेवढ्यात ते गेले.

उठावण्याच्या शोकसभेला अख्खं मार्केट लोटलं होतं. माझ्या खिडकीबाहेरच माणसं बसली होती. चहा झाला आणि सवयीने पुड्या निघाल्या. सुपारीची, चुन्याची देवाणघेवाण सुरू झाली. सातगाव पठारावरचे सावळेराम, शेठकडे वर्षानुवर्षं बटाटा घालणारे, अरिहंतजवळ सरकले.

“घ्या भाऊ, तोंडात टाका जरा. शेठ म्हंजी लई मोठा माणूस व्हता. म्या तर आज सकाळपासून भाकरीला हात लावला न्हाई.”

त्यांच्या मनात पाप नव्हतं. ते खरंच रडत होते. अरिहंतने पुडी घेतली. तोंडात टाकली नाही. मुठीत धरून तो आत आला आणि त्याचा हात सवयीने माझ्याकडे वळला.

चेतना ओट्याशीच उभी होती. तो चपापला, पण पुडी तोवर माशात पडली होती.

तिने मसाल्याची पाकिटं कापायची कात्री घेतली आणि मला मधोमध कापलं. मी मऊ, आवाजही झाला नाही. मासा, ससा आणि फुलपाखरू, आणि त्यांच्यातली ती पुडी, तिने नवऱ्याच्या हातावर ठेवली.

“हे तुमच्याजवळ ठेवा. उरलेल्यात सिद्धी खाते.”

बाहेर माणसं बोलत होती. अरिहंत तो लाल तुकडा हातात घेऊन मागच्या दाराने निघून गेला. माझ्या त्या अर्ध्या अंगाचं त्याने काय केलं, मला आजवर कळलेलं नाही.

आता माझे तीनच खण आहेत. अरिहंतला तिखट सोसत नाही, आमटीने तोंड जळतं; त्याच्यासाठी चेतना अधूनमधून मुगाची चांदणी करते. गालाची कातडी आत घट्ट झाली आहे, ती पहिल्यासारखी होणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. मावा सोडला तर पुढचं टळेल. सोडलाय म्हणतो. तिने विश्वास ठेवायचा की नाही, ते तिचं तिला ठाऊक. मी तिच्या जागी असतो तर काय केलं असतं, मला सुचत नाही.

बायांनो, माझ्यासारखा साचा तुमच्याही घरी असेल. त्याला आचेवर ठेवू नका, सुरी लावू नका, कोरडा करून ठेवा. तो तुम्हाला खूप वर्षं साथ देईल. आणि त्याच्या अंगाला कधी परका वास आला, तर साबण बदलण्याआधी आपल्या माणसांची तोंडं उघडून बघा.