पुढे सरकलेली सीट

बुधवारी संध्याकाळी गाडीमास्तर गाडीत बसले आणि त्यांचे गुडघे स्टिअरिंगला लागले. सीट पुन्हा दोन खाचा पुढे सरकलेली होती.

बावीस वर्षं लोकांना गाडी शिकवणाऱ्या माणसाला एवढा पुरावा पुरे. त्यात आरशानेही चुगली केली. तो खाली झुकलेला, म्हणजे बसणारं माणूस बुटकं. बुधवारी दुपारी मास्तर उमेदवारांचे कागद घेऊन बसने लायसन्सच्या कचेरीत जात. गाडी दारात, किल्ली खुंटीला. आणि नेमकी बुधवारीच मुलीची शाळा लवकर सुटे. मुलगी सोळाची, आईच्या अंगलटीची. हातच्या काकणाला आरसा कशाला?

त्यातच शाळेने पालकांना बोलावून एका डॉक्टरीणबाईंचं भाषण ठेवलं होतं. या वयात मेंदूतला मजा शोधणारा भाग आधी जोर धरतो, परिणामांचा विचार करणारा भाग मात्र पंचविशीपर्यंत सावकाश घडत राहतो, असं बाई समजावत होत्या. म्हणून मुलांवर लगेच चिडू नका, त्यांचं ऐकून घ्या, असंही त्या म्हणाल्या. पण तोवर मास्तरांना हवं ते मिळालं होतं. अ‍ॅक्सिलरेटर बसवलाय, ब्रेक अजून यायचाय! शिकाऊ गाडीत मास्तरांच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. घरातही तो आपल्याच पायाखाली हवा, असं त्यांनी ठरवून टाकलं.

संशयाचं भूत मानगुटीवर बसलं की माणसाला सगळीकडे पाणी मुरताना दिसतं. मुलीने खोलीचं दार लोटलं की मास्तरांना वाटे, कुणाशी तरी बोलत असणार. उघडं ठेवलं की वाटे, मुद्दाम दाखवायला ठेवलंय. ती अंघोळीला गेली की ते तिच्या दप्तराचा वास घेत. बायकोला त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. ती भोळी, तिच्या पोटात राहायचं नाही.

मग मुलीने सुट्टीतल्या पोहण्याच्या शिबिराचा फॉर्म सहीसाठी पुढे केला. बायको बाजारात गेली होती. मास्तरांनी पेनाचं टोपण न काढताच विचारलं, बुधवारी गाडी कोण नेतं? मुलगी फरशीकडे बघत राहिली. मग सहीही नाही, मास्तर म्हणाले, आणि हे आईच्या कानावर घालायचं नाही. वर्षभर पहाटे उठून ती त्या शिबिरासाठी पोहत होती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. नाक दाबलं की तोंड उघडेल, असा त्यांचा अंदाज होता. आठवडा गेला, तोंड उघडलं नाही. शिबिरावरसुद्धा पाणी सोडते म्हणजे प्रकरण मोठं आहे, असं वाटून संशय दुणावला.

रविवारी दुपारी बायको शेजारी गेल्याचं बघून त्यांनी मुलीला बजावलं की येत्या बुधवारी आपण कचेरीत जाणार नाही, आडोशाला बसून चोर पकडणार.

मुलीचा रंग उतरला.

"मीच नेते गाडी, बाबा."

खरं तर मास्तरांना वाईट वाटायला हवं होतं. पण आधी वाटलं ते समाधान, आणि त्याच्या पाठोपाठ नवा किडा वळवळला. हिला शिकवलं कुणी? त्यांनी तिला तडक खाली नेलं, चालकाच्या सीटवर बसवलं, आपण शेजारी बसले आणि गाडी चालू करायला सांगितलं.

तिने सीट हलवली नाही. आरशाकडे पाहिलं नाही. गाडी गिअरमध्ये होती, आणि क्लचला पायही न लावता तिने किल्ली फिरवली. गाडीने पुढे उडी मारली, मास्तरांचा पाय आपसूक ब्रेकवर गेला, आणि एक गचका देऊन गाडी बंद पडली.

मास्तर तिच्या पायांकडे बघत राहिले. तोंडाला खोटं बोलता येतं, पायांना येत नाही. या पोरीने आयुष्यात कधी गाडी चालवलेली नव्हती.

"कुणाला वाचवतेस तू?"

"मला," गाडीच्या खिडकीतून आवाज आला. बायको शेजारून परतली होती आणि सगळं बघत उभी होती.

मग तिने शांतपणे सांगितलं. दर बुधवारी गाडी तीच नेते. लायसन्स महिन्यापूर्वी आलं. शिकली ती चौकातल्या ड्रायव्हिंगच्या शाळेत. म्हणजे ज्या शाळेला मास्तर दहा वर्षं नावं ठेवत आले होते, त्याच शाळेत.

"मला सांगायचं तरी," मास्तर कसेबसे म्हणाले.

"तुम्ही शिकवलं होतंत की सहा दिवस. दर वेळी माझ्याआधी तुमचाच पाय पडायचा. आणि नंतर आल्यागेल्याला माझी नक्कल करून दाखवायचात."

मास्तर मुलीकडे वळले. तू का अंगावर घेतलंस, असं त्यांनी विचारलं, आणि या वेळी आवाज खाली होता.

"मला तुम्ही रागावला असतात. आईला हसला असतात," ती म्हणाली. "राग चार दिवसांत जातो, बाबा."

एवढा पुढचा विचार आपण कधी कुणासाठी केला होता, हे मास्तरांना आठवेना. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"फॉर्म आण. सही करतो."

"तारीख शुक्रवारीच संपली."

"कसला फॉर्म?" बायकोने विचारलं.

मुलगी काहीच बोलली नाही. आता ती बापालाही वाचवणार, असं दिसत होतं, आणि ते मास्तरांना सोसवेना.

"मी सांगतो," ते म्हणाले.